तणांचा प्रतिरोध : संज्ञा आणि वस्तुस्थिती

शेतीविषयक मराठी लेखनात अलीकडे एका धर्तीचे वाक्य वारंवार आढळते : ‘सततच्या फवारणीमुळे तणांनी तणनाशकाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण केली आहे.’ बोलण्यात हाच आशय अधिक सुटसुटीत होऊन ‘तणाला औषधाची सवय झाली’ असे रूप धारण करतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत व दोहोंचा अर्थ ऐकणाऱ्यास तत्काळ कळतो. पहिल्या वाक्यात तण हा कर्ता आहे. दुसऱ्यात तो एखादा अनुभव घेणारा, चतुर्थीतील घटक आहे. परंतु या दोन्ही रचना एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, जे झाड पूर्वी औषधाने मरत होते, तेच कालांतराने मरेनासे झाले. वस्तुतः असे कोणतेही स्थित्यंतर कोणत्याही एका झाडात घडलेले नसते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ज्याला ही ‘सवय’ वाटते, तो सवय मोडण्याचे उपाय करतो : मात्रा वाढवतो, किंवा दोन वर्षे औषध बंद ठेवून पुन्हा तेच फवारतो. यातील एकही उपाय लागू पडत नाही; आणि तो का पडत नाही, हे वाक्यातील चुकीच्या कर्त्याकडे पाहिल्याखेरीज उमगत नाही. परिभाषा हा भाषेच्या अभ्यासकांचा विषय असल्यामुळे, एका परक्या वाटणाऱ्या विषयाचा परामर्श या पत्रिकेतून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते. विवेचनासाठी एकच उदाहरण मुख्यत्वे निवडले आहे. ते म्हणजे युरोपातील गहू व जव यांच्या शेतांतील रानखसखस.

१. वनस्पती आणि तिचे शेत

तृणधान्यांच्या शेतातील तणांचे व्यवहारात दोन वर्ग मानतात. एक गवतवर्गीय तणांचा, म्हणजे पिकाच्याच कुळातील तणांचा. दुसरा रुंद पानांच्या तणांचा. दुसऱ्या वर्गातील जी वनस्पती दक्षिण युरोपात सर्वाधिक उपद्रवी समजली जाते, ती पापाव्हेर ऱ्हीअस. ज्या झाडापासून आपल्याकडील खसखस व अफू मिळते, त्याच प्रजातीतील ही दुसरी जाती होय. मात्र हिच्यापासून अफू निघत नाही. मराठीत तिला रूढ नाव नसल्याने प्रस्तुत लेखात तिला ‘रानखसखस’ म्हटले आहे. तिचे फूल तांबडे व अत्यंत नाजूक पाकळ्यांचे असते. फ्रेंचमध्ये तिला कोक्लिको म्हणतात. हा शब्द मुळात कोंबड्याच्या आरवण्याचा अनुकरणवाचक असून, तांबड्या तुऱ्याच्या साम्यामुळे तो या फुलास चिकटला.

‘तण’ हा शब्द कोणत्याही वनस्पतीचा गुणधर्म सांगत नाही, तर ती वनस्पती व शेतकरी यांमधील संबंध सांगतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. चाकवत ही मराठी स्वयंपाकघरातील परिचित पालेभाजी. पण तीच वनस्पती गव्हाच्या शेतात जगभर त्रासदायक तण म्हणून गणली जाते.

रानखसखशीच्या तीन गोष्टी पुढील विवेचनास आवश्यक आहेत. पहिली, बियांची विपुलता. एका बोंडात हजाराहून अधिक बिया असू शकतात, आणि एक सुदृढ झाड एका हंगामात दहा हजारांहून अधिक बिया सहज देते. दुसरी, या बियांचे दीर्घायुष्य. सगळ्या बिया एकाच वर्षी रुजत नाहीत. पुष्कळशा मातीत सुप्तावस्थेत कित्येक वर्षे पडून राहतात व जमीन उकरली गेली म्हणजे उगवतात. पहिल्या महायुद्धात फ्लांडर्सच्या भूमीवर तोफगोळ्यांनी उलथलेल्या मातीत ही तांबडी फुले उसळून आली, ती याच कारणाने. तिसरी गोष्ट परागीभवनाची. रानखसखशीच्या झाडास स्वतःच्या परागाने फलधारणा होत नाही. कीटकांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणावा लागतो. त्यामुळे प्रत्येक बी हे दोन भिन्न झाडांचे अपत्य असते, व एका झाडातील गुण शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणि बांधापलीकडेही पोचतो.

ईशान्य स्पेनमधील कोरडवाहू प्रदेशात गहू व जव हीच पिके वर्षानुवर्षे घेतली जातात. पेरणी शरदात होते. रानखसखसही बहुतांशी त्याच सुमारास रुजते, आणि काही रोपे हिवाळ्याच्या अखेरीस पुन्हा वर येतात. दाट प्रादुर्भाव झाल्यास गव्हाचे उत्पन्न सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याच्या नोंदी आहेत. अशा शेतांत तणनाशक ही शेतकऱ्याला चैन नव्हे, तर हंगाम वाचवण्याचे साधन वाटावे, यात नवल नाही.

२. दोन औषधे

या तणावर दोन औषधांचा विशेष वापर झाला. त्यांतील पहिले २,४-डी. ब्रिटन व अमेरिका येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतंत्रपणे झालेल्या संशोधनातून हे निघाले, व युद्ध संपताच बाजारात आले. वनस्पतीच्या अंगी असलेल्या ऑक्झिन नामक वाढ-संप्रेरकाची ही एक प्रकारची नक्कल आहे. रुंद पानांच्या झाडात ते शिरले म्हणजे वाढीचा ताळ सुटतो, देठ पिळवटतात व झाड मरते. गव्हावर मात्र त्याचा विशेष परिणाम होत नाही, कारण गहू ते आपल्या पेशींत निरुपद्रवी करून टाकतो.

दुसरे औषध ट्रायबेन्युरॉन-मेथिल, सल्फोनिलयुरिया गटातील. या गटातील पहिले धान्य-तणनाशक, क्लोरसल्फ्युरॉन, १९८२ मध्ये विक्रीस आले. २,४-डी हेक्टरी काही शे ग्रॅम लागे. या नव्या औषधांचे हेक्टरी दहा-वीस ग्रॅम पुरेसे होऊ लागले. मात्रा अल्प, परिणाम खात्रीचा, व पिकास इजा नाही, अशा तिहेरी गुणांमुळे त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

धोक्याची सूचना मात्र आधीच मिळालेली होती. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी १९५६ मध्येच असा इशारा दिला होता की, कीटकनाशकांच्या बाबतीत जे घडले तेच तणनाशकांच्याही बाबतीत घडेल. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात २,४-डीला दाद न देणाऱ्या रानगाजराची नोंद झाली. सल्फोनिलयुरिया गटाच्या बाबतीत अवधी याहून कमी लागला. क्लोरसल्फ्युरॉन आल्यानंतर पाचच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील आयडाहो राज्यात रानसालीटचे झाड त्या गटास न जुमानणारे आढळले. स्पेनमधील रानखसखशीची पाळी १९९० च्या दशकाच्या आरंभी आली. आणि तेथे वैशिष्ट्य असे की, अनेक शेतांतील झाडे २,४-डी व ट्रायबेन्युरॉन या दोहोंनाही दाद देईनात. त्यानंतर ग्रीस, इटली, ब्रिटन, फ्रान्स आदी देशांतूनही तशा नोंदी झाल्या.

३. एका अक्षराचा बदल

सल्फोनिलयुरिया औषधे वनस्पतीतील एका विकराला अडवतात. ॲसिटोलॅक्टेट सिंथेज हे त्याचे नाव. व्हॅलीन, ल्यूसीन व आयसोल्यूसीन ही तीन अमिनो आम्ले तयार करण्याच्या साखळीतील पहिली पायरी त्याच्या हाती आहे. ती थांबली की प्रथिने बनत नाहीत, वाढ खुंटते व झाड काही आठवड्यांत मरते.

विकर म्हणजे अमिनो आम्लांची एक दीर्घ माळ. औषधाचा रेणू या विकराच्या एका खोबणीत बसून वाट बंद करतो. या खोबणीच्या काठावर, प्रमाण मोजणीनुसार १९७ व्या क्रमांकावर, प्रोलीन हे अमिनो आम्ल असते. रानखसखशीच्या प्रतिरोधी झाडांत बहुधा याच जागी दुसरे आम्ल आढळते : सेरीन, थ्रिओनीन, ॲलानीन, ल्यूसीन, आर्जिनीन किंवा हिस्टिडीन. तेवढ्याने औषध खोबणीत नीट बसत नाही, पण विकराचे स्वतःचे काम चालू राहते.

भाषेच्या अभ्यासकास येथील यंत्रणा ओळखीची वाटेल. जनुकाची लिपी चार अक्षरांची, ए, टी, जी व सी यांची. आणि तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द एकेक अमिनो आम्ल सुचवतो. प्रोलीनचा शब्द ‘सीसी’ने आरंभ होतो, तिसरे अक्षर चारांपैकी कोणतेही असले तरी अर्थ प्रोलीनच. म्हणजे येथे चार पर्यायी शब्द समानार्थी आहेत व तिसऱ्या स्थानी होणारा बदल अर्थभेदक नाही. पण पहिले अक्षर बदलून ‘टीसी’ झाले की सेरीन, ‘एसी’ झाले की थ्रिओनीन, ‘जीसी’ झाले की ॲलानीन. दुसरे अक्षर बदलून ‘सीटी’ झाले की ल्यूसीन, ‘सीजी’ झाले की आर्जिनीन. आपण ‘कल’ आणि ‘कळ’ या जोडीत एका वर्णाने अर्थ पालटलेला पाहतो, त्याच जातीचा हा भेद. एवढ्या मोठ्या जनुकात फक्त एक अक्षर बदलते, आणि ते झाड जगते.

असे बदल कोण घडवते? औषध घडवत नाही. जनुकाची प्रत करताना क्वचित होणारी ती लेखनिकाची चूक आहे. पोथीच्या प्रतिलिपींत जशी पाठभेदांची भर पडते, तशी ती पिढ्यान्‌पिढ्या होतच असते, मग शेतात औषध असो वा नसो.

४. दुसरी वाट

२,४-डीला न जुमानणाऱ्या झाडांची कथा निराळी आहे. ल्येइदा विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१६ व २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, प्रतिरोधी झाडांत औषध पानात शिरते, पण तेथून इतर भागांकडे फारसे वाहत नाही. शिवाय काही झाडे त्याचे रासायनिक विघटन करून टाकतात. या विघटनात सायटोक्रोम पी-४५० नामक विकरांचा हात असावा, असे अनुमान एका चतुर चाचणीतून निघाले. या विकरांना अडवणारे मॅलॅथिऑन आधी दिले, तर झाडाची विघटनाची क्षमता घटते.

येथे परिभाषेचा एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. गहू या औषधांनी मरत नाही, कारण तोही अशाच प्रकारच्या विकरांनी त्यांचे विघटन करतो. मग गव्हाच्या न मरण्यास एक नाव आणि रानखसखशीच्या न मरण्यास दुसरे, हे का? तणविज्ञानात हा भेद कसोशीने पाळतात. एखादी जाती पहिल्यापासून व सर्वांशाने औषध सोसत असेल, तर ती तिची सहनशीलता. जी जाती एरवी त्या मात्रेने मरते, तिच्यातील काही झाडे आनुवंशिक कारणाने जगली व प्रजोत्पादन करू लागली, तर तो प्रतिरोध. म्हणजे या दोन संज्ञांतील भेद यंत्रणेचा नसून इतिहासाचा आहे. पेशीतील घडामोड एकच असूनही, एका ठिकाणी निवड झालेली नाही व दुसऱ्या ठिकाणी झालेली आहे, एवढ्यावर संज्ञा बदलते. मराठी लेखनात हे दोन शब्द आलटून-पालटून वापरले जातात, तेव्हा नेमका हा इतिहासच गळून पडतो.

५. बदल आधी, औषध मागाहून

बदल औषधाच्या आधीचा असतो, हे विधान केवळ तर्काने मान्य करावे असे नाही. त्यास पुरावा आहे. सूक्ष्मजंतूंच्या बाबतीत लूरिया व डेलब्र्यूक यांनी १९४३ मध्ये, आणि लेडरबर्ग दांपत्याने १९५२ मध्ये, प्रयोगाने दाखवून दिले की, प्रतिरोधी जंतू मारक घटकाशी गाठ पडण्यापूर्वीच अस्तित्वात असतात.

वनस्पतींच्या बाबतीतला एक पुरावा वनस्पतिसंग्रहांतून मिळाला. फ्रेंच अभ्यासकांनी गव्हातील एका गवतवर्गीय तणाचे शेकडो जुने वाळवलेले नमुने तपासले व २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील १८८८ मध्ये गोळा केलेल्या एका नमुन्यात, आज त्या तणास एका औषधगटापासून वाचवणारे उत्परिवर्तन जसेच्या तसे आढळले. ते औषध बाजारात येण्यास तेव्हा सुमारे नव्वद वर्षे अवकाश होता. दुसरा पुरावा ऑस्ट्रेलियातला. तेथे कधीही औषध न लागलेल्या राय-गवताच्या समुदायांत, वर वर्णिलेल्या विकराला अडवणाऱ्या औषधास न जुमानणारी झाडे दर लाखात सुमारे २ ते १२ इतकी आढळली. हा अभ्यास २००२ मधील आहे. दोन्ही उदाहरणे गवतांची असली, तरी त्यांतील तत्त्व रुंद पानांच्या तणांसही तितकेच लागू आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. औषधाच्या अपुऱ्या मात्रेने प्रतिरोध हळूहळू वाढतो, असेही पाहण्यात येते. मग ती सवयच नव्हे काय? पश्चिम ऑस्ट्रेलियातील रानमुळ्यावर झालेला एक प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २,४-डीच्या कमी मात्रेतून वाचलेल्या झाडांचा परस्पर संकर करून पुढची पिढी घेतली, तिच्यावर पुन्हा तोच प्रयोग केला, आणि चार पिढ्यांत समुदायाचा प्रतिरोध ठळकपणे वाढला. वरकरणी ही सवय भासते. परंतु कोणतेही झाड सरावले नाही. थोडाथोडा आधार देणारी निरनिराळी जनुके, जी आधी वेगवेगळ्या झाडांत विखुरलेली होती, ती संकरामुळे एकेका अपत्यात एकत्र आली. रानखसखशीचेही परागीभवन परस्परच होत असल्यामुळे हा धोका तेथेही दुर्लक्षणीय नाही.

६. ‘अचानक’ या शब्दाचे गणित

शेतकऱ्यांच्या बोलण्यात आणखी एक शब्द हमखास येतो : अचानक. ‘चार वर्षे औषध उत्तम चालले आणि अचानक चालेनासे झाले.’ हा अनुभव खरा आहे. पण त्याचे स्पष्टीकरण एका साध्या हिशेबाने करता येते. समजा, एका हेक्टरात दर चौरस मीटरला १०० प्रमाणे १० लाख झाडे आहेत व त्यांत एकच प्रतिरोधी आहे. औषध साध्या झाडांपैकी शेकडा ९५ मारते व प्रतिरोधी झाडास काहीच करत नाही. म्हणजे प्रत्येक फवारणीगणिक प्रतिरोधी झाडांचे साध्या झाडांशी प्रमाण वीसपट होईल.

पहिल्या हंगामाअखेर हे प्रमाण ५० हजारांस एक होईल. दुसऱ्या अखेरीस अडीच हजारांस एक. तिसऱ्या अखेरीस १२५ स एक. येथवर शेतकऱ्यास काहीही दिसणार नाही. चौथ्या अखेरीस ते साधारण सहास एक होते, आणि पाचव्या अखेरीस दर साध्या झाडामागे तीन प्रतिरोधी झाडे उभी असतात. प्रत्यक्षात मातीतील जुना बीजसाठा साध्या झाडांची भर घालत राहतो, त्यामुळे हा वेग मंदावतो. परंतु चढणीचा आकार तोच राहतो. निवड पहिल्या दिवसापासून एकाच गतीने चालू होती. अचानक झाले ते तिचे दिसणे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते, ती प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. औषध जितके परिणामकारक, आणि ते जितक्या एकनिष्ठेने वापरावे, तितकी निवड कडक. शेकडा ९५ ऐवजी शेकडा ९९ झाडे मेली, तर प्रमाण दर वर्षी वीसपट नव्हे, शंभरपट होते. सल्फोनिलयुरिया औषधांचे यशच त्यांच्या अपयशाचे कारण झाले, ते असे.

७. संज्ञांचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द मराठीत प्रथमतः शरीराच्या संदर्भात रुळला आहे. देवीची लस टोचली म्हणजे प्रतिकारशक्ती येई. गोवर एकदा होऊन गेला की ती टिकते. तेथे एकाच व्यक्तीच्या आयुष्यात, रोगाशी गाठ पडल्यामुळे, खरोखरच बदल घडतो. म्हणून ‘मिळवणे’, ‘येणे’, ‘वाढणे’ ही क्रियापदे तेथे यथार्थ आहेत. तोच शब्द तणास लावला, की ही सगळी क्रियापदे त्याच्यासोबत निमूटपणे येतात व एका यंत्रणेचे वर्णन दुसऱ्या यंत्रणेवर बसते. जंतूंच्या प्रतिजैविक-प्रतिरोधाविषयी लिहितानाही असाच घोटाळा होतो, आणि तेथे तो प्रत्यक्ष आरोग्यास बाधक ठरतो. पुष्कळ रुग्णांची अशी समजूत असते की औषधाची सवय आपल्या शरीराला होते. वस्तुतः बदललेला असतो तो जंतूंचा समुदाय.

भाषापरिवर्तनाच्या अभ्यासात या प्रश्नाशी समांतर असे काही आपल्या परिचयाचे आहे. ‘अमुक भाषेने अमुक ध्वनी टाकला’ असे आपण लिहितो, पण तो टाकण्याची कृती कोणी एका वक्त्याने केलेली नसते. दोन रूपे काही काळ शेजारी नांदतात व पिढ्यांच्या ओघात एकाचे प्रमाण वाढत जाते. कर्ता म्हणून ‘भाषा’ हा शब्द वापरणे ही सोय असते. अर्थात हे साम्य फार ताणता येणार नाही. वक्ता आपल्या हयातीत नवे रूप शिकू शकतो. झाड आपले जनुक बदलू शकत नाही. म्हणून भाषेच्या बाबतीत जी सोय अल्प हानीची, ती तणाच्या बाबतीत पूर्ण दिशाभूल करणारी ठरते.

यावर नवे जड शब्द घडवणे हा उपाय नव्हे. पुढील तीन सूचना विचारार्थ मांडतो. एक, ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द शरीरापुरता राखून तणे, कीटक व जंतू यांसाठी ‘प्रतिरोध’ वापरावा, आणि ‘सहनशीलता’ त्याहून वेगळी ठेवावी. दोन, प्रतिरोधाच्या वाक्यात कर्ता म्हणून झाड न घेता समुदाय किंवा वंश घ्यावा, व क्रियापद ‘मिळवणे’ऐवजी ‘निवडले जाणे’ किंवा ‘प्रमाण वाढणे’ असे योजावे. ‘शेतातील प्रतिरोधी झाडांचे प्रमाण वाढले’ हे वाक्य साधे आहे, शुद्ध मराठी आहे व खरे आहे. तीन, ‘दाद न देणे’ हा आपला जुना वाक्प्रचार जपावा. ‘तण औषधाला दाद देत नाही’ असे म्हणणारा शेतकरी जेवढे पाहिले तेवढेच सांगतो. कारणाविषयी कोणताही दावा करत नाही. आणि येथे ती सावधगिरी आवश्यकच आहे. तण न मरण्याचे कारण उशिरा केलेली फवारणी, कोरडी हवा किंवा बुजलेले नोझलही असू शकते. बी गोळा करून, रोपे वाढवून व ठरावीक मात्रांची चाचणी घेऊन मगच ‘प्रतिरोध’ हा शब्द उच्चारता येतो. म्हणजे वाक्प्रचार निरीक्षणासाठी व संज्ञा निदानासाठी, अशी ही वाटणी आहे.

८. व्यवहारातील फलित

कर्ता बदलला की उपायही बदलतात. मात्रा वाढवून उपयोग नाही, कारण १९७ व्या स्थानी बदललेले विकर असलेले झाड नेहमीच्या कितीतरी पट मात्रेतही तगू शकते. औषधास विश्रांती देऊनही फारसे साधत नाही. झाड विसरेल असे काही शिकलेलेच नसते. या उत्परिवर्तनांनी झाडाच्या वाढीस लक्षणीय तोटा होतोच असे नाही. आणि मातीतील बीजसाठा प्रतिरोधी बियाही तितक्याच निष्ठेने सांभाळतो.

मग करावयाचे ते समुदायाच्या पातळीवर. निरनिराळ्या ठिकाणी क्रिया करणारी औषधे आलटून-पालटून किंवा मिसळून वापरणे हा एक भाग झाला. परंतु स्पेनमध्ये जेथे दोन्ही गट निकामी झाले, तेथे तेवढ्याने भागत नाही. पेरणी लांबवून तणाची पहिली फूट आधी उगवू द्यावी व मशागतीने मोडावी. तृणधान्यांत अधूनमधून दुसरे पीक घ्यावे. काही वेळा खोल नांगरट करून बारीक बिया उगवणार नाहीत इतक्या खाली गाडाव्यात, मात्र पुढल्याच वर्षी पुन्हा नांगरून त्या वर आणू नयेत. यातील प्रत्येक उपायास किंमत मोजावी लागते. कोरडवाहू प्रदेशात लांबलेली पेरणी म्हणजे उत्पन्नाचा धोका. नांगरट म्हणजे ओल व माती यांची हानी. पण बिया कित्येक वर्षे जगत असल्याने हे उपाय एक-दोन हंगाम करून सोडता येत नाहीत. शेतकऱ्यास ही किंमत मोजावयास सांगायची, तर ती कशासाठी हे त्यास यथार्थपणे सांगणे हे आपले कर्तव्य ठरते.

हा प्रश्न केवळ परदेशचा नाही. हरियाणातील गव्हात गवतवर्गीय ‘मंडूसी’ने १९९० च्या दशकाच्या आरंभी आयसोप्रोट्युरॉन या औषधास दाद देण्याचे सोडले; आणि पुढे २०१० च्या दशकात तेथेच ‘जंगली पालक’ या रुंद पानांच्या तणात सल्फोनिलयुरिया गटातील मेटसल्फ्युरॉनविरुद्ध प्रतिरोध आढळला. खुरपणीस मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशकांचा वापर महाराष्ट्रातही वाढत आहे. निराळ्या क्रियास्थानाची नवी औषधे मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत अगदी विरळ निघाली आहेत. जी हाती आहेत ती टिकवण्याचा काळ म्हणजे तिसऱ्या हंगामापूर्वीचा, जेव्हा शेतात काहीच दिसत नसते तेव्हाचा. त्या काळात शेतकऱ्यापाशी डोळ्यांचा पुरावा नसतो. त्यास जे कळते ते ऐकलेल्या व वाचलेल्या वाक्यांतूनच कळते. म्हणून ती वाक्ये लिहिणाऱ्यांनी कर्ता आणि क्रियापद यांची निवड सांभाळून करावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.